छडी, बक्षीस आणि लाज

प्राथमिक शाळेत नव्याने आलेले मूल दोन गोष्टी फार लवकर ओळखावयास शिकते. गुरुजी कशाने प्रसन्न होतात ही एक, आणि कशाने रागावतात ही दुसरी. मुळाक्षरे त्यानंतर येतात. शाबासकी, बक्षीस, कानउघाडणी, छडी ह्या गोष्टी क्रमिक पुस्तकात छापलेल्या नसतात. परंतु मुलाच्या मनावर पुस्तकापेक्षा त्यांचाच ठसा अधिक खोल उमटतो. म्हणूनच मुलाला केव्हा गौरवावे, केव्हा शासन करावे आणि ते कोणत्या रीतीने करावे, हा प्रश्न केवळ शिस्तीचा राहत नाही. तो संस्काराचा प्रश्न होऊन बसतो.

ह्या प्रश्नाचा अतिशय तपशीलवार विचार युरोपातील ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालविलेल्या प्राथमिक शाळांत झालेला आढळतो. ह्याचे कारण उघड आहे. गरिबांची मुले मोठ्या संख्येने एकत्र आणून त्यांना लिहिणे, वाचणे, हिशेब आणि धर्मतत्त्वे शिकविण्याचे काम ह्या संस्थांनी अंगावर घेतले. मुले पुष्कळ आणि शिक्षक थोडे, अशी स्थिती होती. त्यातच ज्या धर्माने क्षमा आणि दया शिकवावयाची, त्याच्याच शाळेत हाती वेत घेऊन उभे राहावयाचे, हा विरोध विचारी शिक्षकांना सलत असे. हा विरोध मिटविण्याचे जे निरनिराळे प्रयत्न झाले, त्यांपैकी एक आपल्याच देशात, मद्रास शहरात झाला. आणि त्याची प्रेरणा एका देशी शाळेच्या धुळाक्षरांपासून मिळाली, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

पहिला प्रयत्न फ्रान्समधील होय. राँस नगरात १६५१ साली जन्मलेले झाँ-बाप्तिस्त द ला साल हे कॅथलिक धर्मगुरू होते. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढून त्या चालविणाऱ्या शिक्षकांचा एक बंधुसंघ त्यांनी उभारला. ह्या शाळा कशा चालवाव्यात ह्याविषयी एक नियमग्रंथ सिद्ध झाला. त्याचे हस्तलिखित १७०६ सालचे असून ला साल यांच्या निधनानंतर एका वर्षाने, म्हणजे १७२० साली, तो छापला गेला. बक्षीस आणि शिक्षा ह्यांना त्यात स्वतंत्र प्रकरणे दिलेली आहेत.

ला साल यांनी छडी बंद केली नाही. त्या काळात तसे कोणी सुचविले असते, तर ते पालकांनाच पटले नसते. त्यांनी केले ते एवढेच की शिक्षेला नियमांचे कुंपण घातले. हातावर मारावयाचे साधन चामड्याचे दोन तुकडे शिवून केलेले असावे. त्याचा एकच फटका द्यावा. अगदी निकडीच्या प्रसंगी दोन. तो डाव्या तळहातावर द्यावा, कारण उजव्या हाताने मुलाला लिहावयाचे असते. थप्पड मारणे, लाथ मारणे, कान, नाक किंवा केस ओढणे ह्या गोष्टी शिक्षकाला पूर्णपणे निषिद्ध होत्या. मुलाला अपमानकारक नावांनी हाक मारावयाची नाही, आणि शिक्षकाच्या मनात राग उसळलेला असताना शिक्षा करावयाची नाही, असाही दंडक होता. त्या ग्रंथातील एक विचार आजही मनन करण्याजोगा आहे. शाळेत वारंवार शिक्षा करावी लागणे हे शाळेची घडी बिघडल्याचे चिन्ह होय, असे त्यात मानलेले आहे. म्हणजे शिक्षांचा आकडा वाढला, की दोष आधी शिक्षकाकडे शोधावयाचा.

बक्षिसांविषयीचा नियम त्याहूनही लक्षणीय आहे. बक्षिसे तीन कारणांसाठी द्यावयाची: धर्मनिष्ठेसाठी, नियमित उपस्थितीसाठी आणि हुशारीसाठी. पुस्तके, चित्रे, जपमाळा, लहान मूर्ती अशा वस्तू बक्षीस म्हणून दिल्या जात. पण सर्वांत सुंदर वस्तू धर्मनिष्ठेसाठी राखून ठेवावयाची, आणि नियमितपणाचे बक्षीस हुशारीच्या बक्षिसापेक्षा सरस असावयाचे. ह्यामागील दृष्टी सहज ध्यानात येते. हुशारी ही पुष्कळशी जन्मजात असते. रोज वेळेवर शाळेत येणे मात्र गरिबाच्या मुलालाही प्रयत्नाने साधते. जे प्रयत्नाने साधते त्याचा गौरव अधिक करावयाचा, हे ह्या नियमाचे मर्म होय.

दुसऱ्या प्रयत्नासाठी मद्रासला यावे लागते. अँड्र्यू बेल हे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७५३ साली जन्मलेले गृहस्थ. ते इंग्लंडच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. १७८७ साली ते हिंदुस्थानात आले आणि १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागात निघालेल्या मुलांच्या अनाथाश्रमाची देखरेख त्यांनी वेतन न घेता पत्करली. युरोपीय सैनिकांची पोरकी झालेली मुले तेथे ठेवली जात. शिक्षक थोडे होते आणि जे होते ते कामात निरुत्साही होते. मुलांचा अभ्यास पुढे सरकत नव्हता.

एके दिवशी बेल यांच्या दृष्टीस एक देशी शाळा पडली. तेथील मुले जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती. महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर जे चालत असे, त्याचेच हे दाक्षिणात्य रूप. बेल यांना ही युक्ती फार आवडली. आपल्या शाळेत तिचा अवलंब करण्यास त्यांनी शिक्षकांना सांगितले. पण शिक्षकांनी ते जमणार नाही असे उत्तर दिले. तेव्हा बेल यांनी हे काम आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यावर सोपविले, आणि त्या मुलाने ते यशस्वी करून दाखविले. मुलाने मुलाला शिकवावे, ही पद्धत येथून सुरू झाली. पुढे ती ‘मद्रास पद्धत’ ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

ह्या पद्धतीत शासनाचे कामही मुलांकडेच आले. वर्गात जो चुकेल त्याच्या वर, ती चूक सुधारणारा बसे. दिवसभर हे नंबर चढणे-उतरणे चालू असे आणि तेच मुख्य बक्षीस व तीच मुख्य शिक्षा. गैरवर्तन घडल्यास त्याची नोंद एका काळ्या वहीत होत असे. ठरावीक दिवशी ती वही सर्वांसमोर वाचली जाई आणि मुलांमधूनच निवडलेले पंच निवाडा करीत. बेल १७९६ साली मायदेशी परतले आणि पुढील वर्षी त्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. महिनोन्महिने एकही शिक्षा करण्याचा प्रसंग आला नाही, असे त्यांनी त्यात अभिमानाने नमूद केले आहे.

तिसरा प्रयत्न लंडनचा. जोसेफ लँकेस्टर हा गरीब घरातील तरुण, धर्माने क्वेकर पंथाचा अनुयायी. हा पंथ कोणत्याही प्रकारच्या हिंसेला विरोध करणारा. लँकेस्टरने १७९८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, साउथवर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. फी देणे ज्यांना शक्य नसेल त्यांना विनामूल्य शिक्षण मिळे. मुलांची संख्या शेकड्यांनी वाढत गेली. शिक्षकांना वेतन देण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यानेही मोठ्या मुलांना मॉनिटर नेमून लहानांना शिकविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. बेल यांचा वृत्तान्त वाचून त्याने आरंभीच्या वर्गासाठी वाळूची पाटीही घेतली. अशा प्रकारे मद्रासची धुळाक्षरे थेम्स नदीच्या काठी पोहोचली.

लँकेस्टर फटके मारण्याच्या विरुद्ध होता. मुलाचे शरीर दुखवावयाचे नाही, हे त्याचे तत्त्व होते. आणि त्या काळी हे मोठे धैर्याचे तत्त्व होते. परंतु शेकडो मुले एका दालनात बसवावयाची, तर शासन हवेच. मग त्याने काय केले? १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने ते मोकळेपणाने सांगितले आहे. बडबड्या मुलाच्या गळ्यात चार ते सहा पौंड वजनाचा लाकडी ठोकळा अडकवावयाचा. अधिक व्रात्य मुलाला टोपलीत घालून ती छताला टांगावयाची, म्हणजे सारी शाळा त्याच्याकडे पाहून हसेल. काही मुलांना एका जोखडात जुंपून दालनात उलटे चालावयास लावायचे. अपराधाचे नाव लिहिलेली पाटी गळ्यात घालून मुलाची मिरवणूक काढावयाची. तोंड न धुता येणाऱ्या मुलाचे तोंड सर्वांदेखत एका मुलीकडून धुववून घ्यावयाचे.

ह्या शिक्षांविषयी लँकेस्टरने केलेली एक सूचना फार बोलकी आहे. एकच शिक्षा नेहमी दिली, तर मुलांना तिची सवय होते आणि तिचा परिणाम नाहीसा होतो. म्हणून शिक्षांत सतत नावीन्य ठेवावे, असे त्याचे सांगणे होते. ह्याचा अर्थ असा की लाजेची मात्रा सतत बदलत ठेवावी लागते. हाताला बसलेला फटका काही वेळाने विसरता येतो. टोपलीत लोंबकळताना ऐकलेले शेकडो मुलांचे हसू मात्र मुलाच्या मनात किती वर्षे घुमत राहील, ह्याचा हिशेब लँकेस्टरच्या पुस्तकात नाही. वेदना शरीरावरून उचलून मनावर ठेवली, एवढाच फरक झाला. कवी रॉबर्ट साउदी यांनी १८१२ साली बेल यांची बाजू मांडताना ह्या शिक्षांवर कडक टीका केली, ती ह्याच कारणासाठी.

लँकेस्टरची बक्षिसेही अशीच डोळ्यांत भरणारी होती. चेंडू, फळ्या, पतंग, चित्रे ह्यांची लयलूट होई. पहिला नंबर मिळविणाऱ्याच्या छातीवर तसे लिहिलेले चामड्याचे तिकीट झळके. सतत चांगले वागणाऱ्या मुलांचा एक ‘गुणवंतांचा वर्ग’ असे आणि त्यांच्या गळ्यात साखळीला लावलेले रुप्याचे पदक शोभे. बक्षीस मिळविणाऱ्यांची नावे पुकारून त्यांना शाळेभर फिरवीत.

ह्या पदकांवर सेरा ट्रिमर नावाच्या विदुषीने १८०५ साली जो आक्षेप घेतला, तो आज वाचताना आश्चर्य वाटते. गरिबांची मुले शाळेतील सरदार म्हणून मिरवू लागली, तर पुढे देशातील सरदारही होऊ पाहतील, अशी भीती त्यांना वाटली. म्हणजे बक्षिसाने मुलाचे काय होते ह्यापेक्षा समाजातील उतरंडीचे काय होईल, ह्याची त्यांना चिंता होती. खरा आक्षेप वेगळाच घ्यावयास हवा होता. पदक एकाच्या गळ्यात पडते, तेव्हा ज्यांच्या गळ्यात ते पडत नाही अशा शेकडो मुलांना शाळा काय सांगत असते? अपराधाची पाटी आणि गुणवत्तेचे पदक ह्या दोन्ही वस्तू मुलाच्या गळ्यातच बांधल्या जात. दोहोंचा आधार एकच होता: इतर मुलांच्या नजरा.

लँकेस्टरच्या आयुष्याचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. त्याच्या कार्याला राजाश्रय मिळाला आणि १८०८ साली त्याच्या समर्थकांनी संस्था स्थापन केली. तिचेच पुढे १८१४ साली ‘ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी’ असे नामांतर झाले. इकडे चर्चने बेल यांना पुढे करून १८११ साली ‘नॅशनल सोसायटी’ काढली. दोन्ही संस्थांनी असंख्य शाळा उघडल्या. पण लँकेस्टर कर्जात बुडाला. फटक्यांच्या विरुद्ध लिहिणाऱ्या ह्याच माणसाने आपल्याजवळच्या उमेदवार मुलांना मारहाण केल्याचा आरोप झाला आणि त्याचे स्वतःच्या संस्थेशी असलेले संबंध तुटले. १८१८ साली तो अमेरिकेस गेला आणि १८३८ साली न्यूयॉर्कमध्ये घोडागाडीखाली सापडून मरण पावला. बेल १८३२ साली वारले, ते मोठी संपत्ती शिक्षणासाठी ठेवून. सेंट अँड्र्यूज येथे त्या संपत्तीतून उभी राहिलेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ हे नाव धारण करते.

इंग्लंडात गाजलेली ही पद्धत लवकरच हिंदुस्थानातही परत आली. १८२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात देशी भाषांच्या नव्या शाळा निघाल्या, तेव्हा लँकेस्टरच्या पद्धतीचा तेथे अवलंब झाला. तोपर्यंत गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत वेताचे राज्य होते. अंगठे धरून ओणवे उभे करणे, कान पिळणे, हात बांधून टांगणे अशा शिक्षांच्या आठवणी त्या पिढीतील लोकांनी पुढे सांगितल्या आहेत. छडीचा आणि विद्येचा संबंध जोडणारी म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. ज्या वाळूतील अक्षरांवरून बेल यांना युक्ती सुचली, ती अक्षरे गिरविणाऱ्या मुलांची पाठ मात्र तेथेही सुरक्षित नव्हती, हे विसरता कामा नये.

शरीराबरोबर मनाचीही काळजी घेणारा विचार इटलीतून आला. तुरिन शहरात रस्त्यावरच्या अनाथ मुलांसाठी काम करणारे धर्मगुरू जॉन बॉस्को यांनी १८७७ साली एक छोटा निबंध लिहिला. अपराध घडल्यावर शासन करण्यापेक्षा अपराधाचा प्रसंगच येऊ देऊ नये, ह्यास त्यांनी ‘निवारक पद्धत’ म्हटले. त्यासाठी शिक्षकाने सदैव मुलांमध्ये वावरावे, त्यांच्या खेळात असावे आणि त्यांचा विश्वास संपादन करावा. मुलावर प्रेम करणाऱ्या शिक्षकाची नाराज नजर हीच त्याला पुरेशी शिक्षा होते. मारणे, त्रासदायक रीतीने गुडघे टेकून बसविणे, कान ओढणे ह्या गोष्टी त्यांनी साफ वर्ज्य ठरविल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अगदी क्वचित प्रसंग सोडता, मुलाची चूक त्याला चारचौघांत न सांगता एकांतात सांगावी, असा नियम त्यांनी घातला. लँकेस्टरच्या टोपलीला हे सरळ उत्तर होते. बॉस्को यांच्या संघाच्या शाळा पुढे भारतभर निघाल्या. मुंबईतील माटुंग्याची शाळा मराठी लोकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

तत्त्व सांगितले म्हणजे ते लगेच आचरणात येते, असे नाही. ज्या इंग्लंडात लँकेस्टरने १८०३ साली फटक्यांविरुद्ध लिहिले, तेथील सरकारी शाळांतील छडी कायद्याने बंद व्हावयास १९८७ साल उजाडले. भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने दोन गोष्टींना मनाई केली आहे: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ. ह्यातील दुसरा शब्द पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. टोपली, ठोकळा आणि गळ्यातील पाटी ह्यांना छडीच्याच पंक्तीला बसविणारा तो शब्द आहे. मात्र अल्पसंख्याकांच्या संस्थांना हा अधिनियम लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. ख्रिस्ती संस्थांच्या शाळा ह्याच वर्गात मोडतात. तेव्हा ह्या कलमातील तत्त्व तेथे पाळले जाणे हे विशेषकरून त्या संस्थांच्या विवेकावर अवलंबून राहते. आणि त्या विवेकासाठी त्यांना बाहेर कोठे पाहण्याचे कारण नाही. तो त्यांच्याच परंपरेत आहे.

टोपली आता कोणत्याही शाळेच्या छताला टांगलेली दिसत नाही. पण फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ म्हणून नावे लिहिली जातात. गृहपाठ न करणारा मुलगा दाराबाहेर उभा असतो आणि येणारा-जाणारा त्याला पाहत असतो. फी राहिलेल्या मुलीचे नाव वर्गात मोठ्याने वाचले जाते. वार्षिक समारंभात तीच पाच-सहा मुले पुनःपुन्हा व्यासपीठावर जातात आणि बाकीची टाळ्या वाजवितात. ह्यांत कोणी कोणाला बोटही लावीत नाही. तरीही लँकेस्टरने हे सर्व पाहताक्षणी ओळखले असते.

शाळेला शासन हवे आणि गौरवही हवा, ह्याबद्दल वाद नाही. शासनाविना वर्ग चालत नाही, आणि दुबळ्या मुलाला दांडगटांपासून संरक्षण मिळत नाही. प्रश्न फक्त रीतीचा आहे. चूक एकांतात सांगावी की चारचौघांत, बक्षीस हुशारीचे मोठे असावे की सातत्याचे, आणि शिक्षांचा आकडा वाढला तर दोष कोणाचा समजावा, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तीन शतकांच्या अनुभवाने दिलेली आहेत. ती अमलात आणावयास पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, की नवे खाते लागत नाही. रागाच्या क्षणी शिक्षकाने एक पळभर थांबावे, आणि समोरच्या मुलाकडे वर्गातील इतर चाळीस जोड्या डोळे आता लागले आहेत ह्याची आठवण ठेवावी, एवढेच त्यासाठी लागते. घरी आईवडिलांनाही हीच गोष्ट लागू आहे. पाहुण्यांसमोर मुलाच्या चुकांचा पाढा वाचणाऱ्या घरात छडी नसली, तरी तेथे टोपली टांगलेलीच असते.